सात ठिपक्यांचा मासा

12 जून, सोमवार. निशि-कासाई, तोक्यो

रात्रीचे साडेदहा. ताई आणि छोटू, दोन्ही मुलं झोपली. बॅग भरून दाराशी ठेवली आहे: रेनकोट, टॉवेल, छोटूचे जास्तीचे कपडे, प्लास्टिकचे दोन चमचे, आणि बारीक तुकडे करायला स्वयंपाकघरातली छोटी कात्री. उद्या चोशीला निघायचं. पाच दिवस. यांना सुट्टी नाही, ते शुक्रवारी संध्याकाळी येतील.

खरं कारण लिहून ठेवते. फेब्रुवारीत ताईच्या घशात काटा अडकला. भाजलेल्या साब्याचा, म्हणजे इथल्या बांगड्याचा. मी आजीनं शिकवलेलं केलं. भाताचा गोळा दिला आणि न चावता गिळ म्हणाले. एक, मग दुसरा, मग तिसरा. इथल्या शेजारीण आजींनीही फोनवर तेच सांगितलं, त्यामुळे मला वाटलं दोन समुद्रांवरच्या दोन आज्या चुकायच्या नाहीत. ताई रात्रभर थुंकी गिळताना रडत होती. सकाळी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी चिमट्यानं काही क्षणांत काटा काढला आणि शांतपणे म्हणाले, गोळा पुन्हा कधी देऊ नका, त्यानं काटा आणखी खोल रुततो. काटा लहानसा होता. माझ्या मनातून मात्र तो अजून निघालेला नाही.

तेव्हापासून पाच वर्षांची माझी मुलगी प्रत्येक माशाला एकच प्रश्न विचारते, "होने आरु?" काटे आहेत का? आहेत म्हटलं की ताटली दूर. मग मीही सोपी वाट धरली. सुपरमार्केटमध्ये काटे काढून गोठवलेल्या माशांचे तुकडे मिळतात, तेच आणायला लागले. छोटूला अडीच वर्षं झाली, पण डोकं आणि शेपूट असलेला मासा त्यानं ताटात पाहिलेलाच नाही. कोकणातल्या हर्णै बंदरावरच्या पोरीच्या घरात असं व्हावं, हे मला सहन होत नाही.

चोशीच का? जूनमध्ये तिथे इवाशी येते, म्हणजे तारलीची इथली बहीण. पावसाळा लागतानाची ही इवाशी वर्षातली सगळ्यात चरबीदार, म्हणून तिला 'न्यूबाइ इवाशी' म्हणतात, पाऊस लागतानाची इवाशी. जबरदस्ती करायची नाही, एवढंच ठरवलं आहे. फक्त मुलांना माशांच्या गावात नेऊन बसवायचं.

13 जून, मंगळवार. चोशी, तोकावा

तोक्यो स्टेशनवरून शिओसाइ गाडीनं पावणेदोन-दोन तास. शहर संपलं आणि हिरवी भातखाचरं सुरू झाली, तसा छोटू काचेला नाक लावून बसला. चोशीला उतरून त्याच फलाटाच्या टोकाला चोशी विद्युत रेल्वेची छोटी गाडी. दहा स्टेशनं, 6.4 किलोमीटर. ही गाडी तिकिटांपेक्षा सेम्बेइवर, म्हणजे तांदळाच्या खाऱ्या बिस्किटांवर, तगली आहे. सोया सॉसमध्ये भिजवलेली मऊ 'नुरे-सेम्बेइ' रेल्वेनं 1995 पासून विकायला घेतली. 2006 मध्ये डबे दुरुस्तीला पैसे उरले नाहीत तेव्हा त्यांनी लोकांना सेम्बेइ घ्या म्हणून हाक दिली, आणि देशभरातून मागण्या आल्या. आम्हीही एक पाकीट घेतलं. छोटूला खारट होईल म्हणून चिमूटभरच दिलं.

पुढच्याच नाकानोचो स्टेशनवर दार उघडलं आणि डब्यात सोया सॉसचा वास शिरला. शेजारीच यामासाचा कारखाना. हिगेता हा दुसरा सोया सॉसवाला 1616 मधला, यामासा 1645 मधला, दोघंही याच गावचे. दमट, सौम्य हवा बुरशीला मानवते, आणि तयार पिंपं तोने नदीतून होडीनं थेट एदोला, म्हणजे जुन्या तोक्योला, जायची. ताई म्हणाली, "आई, सगळ्या गावानं जेवण केलंय." मला भातावर ओतलेल्या गरम कालवणाची आठवण झाली.

शेवटचं स्टेशन तोकावा. लाकडी, बुटकं. तिथून गल्ल्या सरळ उताराला लागतात आणि प्रत्येक गल्लीच्या शेवटी समुद्राची एक उभी पट्टी दिसते. दगडी बांध, वाळत टाकलेले रबरी बूट, मांजरं. आमचा मुक्काम अशाच एका गल्लीत, एका आजींच्या घरगुती मिन्शुकूत. पुढे तीन खोल्या पाहुण्यांना, मागे त्यांचं घर. त्यांनी ताईला "ओनेएचान" म्हणून हाक मारली. म्हणजे ताईच. ताईनं चमकून माझ्याकडे पाहिलं, यांना कसं कळलं?

जेवणात माझ्यासाठी किन्मेदाइ. खोल समुद्रातला लालभडक मासा, सोन्यासारखे मोठे डोळे. आलं, साके, साखर आणि गावचाच सोया घालून शिजवलेला. छोटू पोटात असताना तपासणीत मिळालेल्या पुस्तिकेत किन्मेदाइचं आणि मोठ्या ट्यूनांचं नाव होतं: पाऱ्यामुळे आठवड्यातून एकदाच, साधारण 80 ग्रॅम. तेव्हा मी तो मोजून खायचे. आज रस्सासुद्धा ठेवला नाही. मधल्या काट्यापासून लांबचं मांस बोटांनी चाचपून, दोनदा चाचपून, छोटूच्या भातात कालवलं. तो "आनखी" म्हणाला. ताईनं विचारलं, "होने आरु?" आजी म्हणाल्या, "आरु." आहेत. ताईनं अंडं, भात आणि सूप खाल्लं. आजींनी तिच्यापुढची माशाची ताटली उचलली, त्यावर एक शब्द बोलल्या नाहीत. त्यांचं हे न बोलणं मला फार आवडलं.

14 जून, बुधवार

पहाटे उठलो. आजींच्या मुलानं गाडीनं चोशी बंदरावर सोडलं.

तोने ही जपानमधली लांबीनं दुसऱ्या क्रमांकाची नदी, 322 किलोमीटर. तिच्या मुखाशी हे बंदर. समोर दक्षिणेकडून येणारा उबदार कुरोशिओ आणि उत्तरेकडून येणारा थंड ओयाशिओ हे प्रवाह भेटतात. थंड पाण्यात अन्न भरपूर, म्हणून मासे इथे थवेच्या थवे येतात. वजनानं पाहिलं तर 2011 पासून अनेक वर्षं देशात सगळ्यात जास्त मासळी याच बंदरात उतरली. आकडा वाचणं वेगळं आणि डोळ्यांनी पाहणं वेगळं. घेर जाळ्याच्या बोटीतून प्रचंड झोळी वर आली, तिचं बूड सुटलं, आणि ट्रकच्या हौद्यात चांदी ओतल्यासारखी इवाशी कोसळली. वर बर्फ. पुन्हा झोळी, पुन्हा बर्फ. आकाशात घारींची आणि सीगलांची गर्दी. आम्ही कामाच्या वाटेत यायचं नाही म्हणून रस्त्यापलीकडे उभे. छोटू माझ्या खांद्यावरून ओरडत होता, "मासा! मासा! मासा!"

वळणावर ट्रक कलंडल्यासारखा झाला आणि दोन-तीन मासे रस्त्यावर पडले. एक आमच्या पायाशी. ताई खाली बसली. पहिल्यांदाच तिनं माशाकडे इतक्या जवळून पाहिलं. पाठ निळी-हिरवी, पोट चांदीचं, आणि अंगावर एका रांगेत काळे ठिपके. तिनं मोजले. सात. बाजूला उभ्या असलेल्या बूटवाल्या काकांनी सांगितलं की म्हणूनच तिला 'नानात्सु-बोशी', सात ताऱ्यांची, असंही म्हणतात. सगळ्यांवर सातच असतात असं नाही, कुणावर कमी, कुणावर जास्त. ताईनं दुसरा मासा शोधून पुन्हा मोजले. नऊ.

बर्फाकडे मी बघत राहिले. बांगडा, तारली, ट्यूना यांसारखे मासे उन्हात राहिले तर त्यांच्यात हिस्टामीन तयार होतं, आणि ते शिजवून जात नाही. लहान मुलांच्या अंगावर लगेच लाल गांध्या उठतात. मासा ताजा म्हणजे नुसता आज पकडलेला नव्हे. पकडल्या क्षणापासून गार ठेवलेला.

दुपारी बंदराजवळच्या खानावळीत गेलो. बसायला तातामी चटयांचा ओटा, म्हणजे छोटू पडायची भीती नाही. मी सगळ्यात आधी "साबि-नुकि" सांगितलं, मुलांच्या पानात वासाबी नको. मला कच्च्या इवाशीचा भात, मुलांना त्सुमिरे-जिरु. इवाशी खलात वाटून, आलं आणि मिसो घालून गोळे करायचे आणि ते सूपमध्ये सोडायचे. ताईनं स्वयंपाक करणाऱ्या काकूंना विचारलं, "होने आरु?" काकूंनी हात पुसले आणि खरं उत्तर दिलं. "बारीक आहेत. पण वाटून इतके मऊ झालेत की तुला सापडणार नाहीत. शोधून बघ." ताईनं गोळा चमच्यानं फोडला, पुन्हा फोडला, अगदी चुरा केला. सापडलं नाही. मग एक कण खाल्ला. छोटूनं तोवर तीन गोळे संपवले होते.

माझ्या भातावरचा कच्चा मासा बघून तिनं विचारलं, मला का नाही? मी तिला खरंच सांगितलं. इवाशीत, साब्यात कधी कधी आनिसाकिस नावाचा पांढऱ्या दोऱ्यासारखा किडा असतो. मासा कितीही ताजा असला तरी असतो. व्हिनेगर किंवा वासाबीनं तो मरत नाही. उणे 20 अंशांवर चोवीस तास गोठवलं किंवा 70 अंशांपर्यंत शिजवलं की मरतो. मोठी माणसं डोळ्यांत तेल घालून बघतात आणि खातात. लहान पोटांना आपण शिजवलेलं देऊ. तिला ते पटलं. मुलांना भीतीचं कारण सांगितलं की भीतीला आकार येतो. आकार नसलेली भीती सगळ्या ताटभर पसरते. हे मी फेब्रुवारीपासून विसरले होते.

रात्री आईला हर्णैला फोन केला. तिकडे पाऊस. 1 जूनपासून मासेमारी बंद, 31 जुलैपर्यंत. बोटी वर ओढून ताडपत्रीखाली. संध्याकाळी सुवर्णदुर्ग समोर ठेवून भरणारा किनाऱ्यावरचा लिलाव थांबलेला. आई म्हणाली, "आमच्याकडं सुकट नि कुळथाची पिठी. तुझ्याकडं?" मी सांगितलं, "आमच्याकडं तारली ट्रकातून सांडतेय." आई जरा वेळ गप्प झाली. मग म्हणाली, "पोरींना भरपूर खाऊ घाल." छोटूही तिच्या लेखी पोरींतच धरलेला.

15 जून, गुरुवार

आज चिबा प्रांताचा दिवस. 1873 साली याच तारखेला दोन जिल्हे जोडून चिबा प्रांत झाला, म्हणजे आज बरोबर दीडशे वर्षं. शाळांना सुट्टी. त्यामुळे आजींचा आठ वर्षांचा नातू घरीच होता, आणि पाच दिवसांत ठरवूनही मला जे जमलं नसतं ते त्यानं केलं.

मागच्या अंगणात दगडी हौद. त्यावर टोपलीभर इवाशी. आजी फक्त डोकी उडवत होत्या आणि पोटं चिरत होत्या. पुढचं काम नातवाचं, सुरीशिवाय. याला 'ते-बिराकि' म्हणतात, हातानं उघडणं. मासा मिठाच्या गार पाण्यात धुवायचा. दोन्ही अंगठे पोटातून आत घालून मधल्या हाडाला टेकवायचे. मग एक अंगठा शेपटीकडे, एक डोक्याकडे, हाडावरून सरकवत न्यायचा. मांस आपोआप सुटतं, मासा पुस्तकासारखा उघडतो. शेपटीपाशी हाड मोडायचं आणि उचलायचं. सळसळ करत ते पूर्ण निघून येतं, बाजूच्या बऱ्याचशा बारीक फासळ्यांसकट. इवाशी मऊ असते म्हणूनच हे जमतं. बांगड्याला सुरीच लागते.

ताई पायरीवर बसून बघत होती. नातवानं तिच्याकडे न बघताच एक मासा सरकवला. "यात्ते मिरु?" करून बघतेस? मी आतून हाक मारणार होते, पण आजींनी माझ्याकडे पाहिलं, आणि मी थांबले.

तिचा पहिला मासा फाटला. दुसऱ्याचं अर्धं हाड आत राहिलं. तिसऱ्याला तिनं जीभ बाहेर काढून, श्वास रोखून अंगठे सरकवले आणि अख्खं हाड वर उचलून उन्हाकडे धरलं. "आई, बघ! हे त्याचं हाड आहे. याच्यावर तो उभा राहतो."

मी पाट्यावरचं आलं तसंच ठेवून तिच्याकडे बघत राहिले. जपानीत माशाच्या काट्याला वेगळा शब्द नाही. माणसाचं हाड तेही होने, माशाचं तेही होने. आपण मात्र त्याला काटा म्हणतो, बाभळीला असतो तोच शब्द. घरी मी तिला महिनोन्‌महिने सांगत आले, "काटा बघ हं, काटा टोचेल." जणू टोचण्यासाठीच कुणीतरी तो तिथे ठेवला आहे. तिच्या हातात आत्ता जे होतं ते टोचणारं काही नव्हतं. एका जिवाला समुद्रात सरळ पोहता यावं म्हणून वाढलेला कणा होता. मी आपला शब्द सोडणार नाही, तो माझ्या आजीचा आहे. पण त्याच्या शेजारी हाही अर्थ ठेवीन.

दुपारपर्यंत तिनं अकरा मासे उघडले. मग आजींनी त्यांचं नामेरो केलं. हा चिबाच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या कोळ्यांचा पदार्थ. होडीतच मासा, मिसो, आलं आणि कांद्याची पात एकत्र सुरीनं ठेचून ठेचून बारीक करायची. होडीत सोया सांडतो, मिसो सांडत नाही, म्हणून मिसो. मोठ्यांनी तसंच कच्चं खाल्लं. मुलांसाठी त्याच सारणाच्या चपट्या वड्या करून शिसोच्या पानावर थापल्या आणि तव्यावर दोन्ही बाजूंनी खरपूस भाजल्या. त्या झाल्या सांगा-याकी. मी एक वडी मधोमध फोडून आतपर्यंत शिजल्याची खात्री केली. त्या वासानं छोटू ताताम्यांवर नाचला.

आणि सगळ्यात शेवटी ती हाडं. आजींनी ती फेकली नाहीत. पुसून, स्टार्च लावून, मंद तेलात दोनदा तळली, वर मीठ. 'होने-सेम्बेइ', हाडांची सेम्बेइ. नातवानं मूठ भरून घेतली आणि कुडुम कुडुम खायला लागला. ताईनं त्याच्या तोंडाकडे पाहिलं, ताटलीकडे पाहिलं, आणि विचारलं नाही. "होने आरु?" असं तिनं विचारलंच नाही, कारण ती होनेच होती. तिनं एक उचललं, शेपटीकडून चावलं. कुडुम. मग दुसरं. माझे डोळे भरून आले म्हणून मी चहाचं पाणी ठेवायच्या निमित्तानं उठले. छोटूला मात्र हाडं दिली नाहीत. त्याच्या दाढा अजून पुऱ्या आलेल्या नाहीत.

16 जून, शुक्रवार

पहाटेपासून वारा. तोकावाच्या बोटी बाहेर पडल्या नाहीत. धक्क्यावर दोऱ्या ताणल्याचा कुरकुर आवाज. ताईनं विचारलं, "आज मासे का नाहीत?" आजी म्हणाल्या, "समुद्रानं आज नाही म्हटलं." सुपरमार्केटच्या मुलांना हे नवीन होतं. पैसे आहेत, दुकान आहे, तरी मासा नाही.

वारा दुपारी थोडा पडला. आम्ही गाडीनं इनुबोच्या दीपगृहाला गेलो. 1874 साली उभं राहिलं, रिचर्ड हेन्री ब्रंटन या स्कॉटिश अभियंत्यानं आखलं, विटा जपानमध्येच बनवलेल्या. आत 99 पायऱ्या. ताईनं त्या मराठीत मोजायला सुरुवात केली, एकोणचाळीसला अडकली, तिथून पुढे जपानीत मोजल्या. छोटू माझ्या पाठीवर. वरून दिसला तो नुसता पाण्याचा वाकलेला काठ, आणि खाली खडकांवर फुटणाऱ्या पांढऱ्या लाटा. बोट एकही नाही. याच पाण्यात माणसं इवाशीमागे जातात, हे मुलांना मी तिथे उभं राहून सांगितलं.

परतताना आजींच्या मुलानं तोकावाची गोष्ट सांगितली. हे बंदर सतराव्या शतकाच्या मध्याला किइ प्रांतातून आलेल्या साकियामा जिरोएमोननं बांधलं, गल्ल्याही त्यानंच आखल्या. किइचे लोक इवाशीच्या थव्यांमागे शेकडो मैल पूर्वेला आले. खाऊन उरलेली इवाशी वाळवून कापसाच्या शेतांना खत म्हणून जायची. मी त्यांना सांगितलं की कोकणातही तारली फार आली की माडांच्या बुडाशी पुरतात. ते हसले. "म्हणजे तुमच्या नारळातही समुद्र आहे."

मासे नसलेल्या दिवसाचं जेवण म्हणजे सुकी मासळी, हे तर मला हर्णैहून पाठ. इथे तिला हिमोनो म्हणतात. आजि (म्हणजे घोड-बांगड्याच्या जातीचा मासा, आणि गंमत म्हणजे त्याचं नाव आपल्या आजीसारखंच) मधोमध उघडून, मिठाच्या पाण्यात बुडवून, वाऱ्यावर वाळवलेला. आपला खारा बांगडा दगडासारखा कडक होतो, हा आतून मऊ राहतो. आजींनी उद्याच्या न्याहारीसाठी पाच काढून ठेवले. संध्याकाळच्या गाडीनं हे आले. दारातच ताईनं सांगितलं, "बाबा, मी हाडं खाल्ली."

17 जून, शनिवार. परतीच्या गाडीत

न्याहारीला भात, मिसो सूप, लोणचं आणि प्रत्येकाला एक एक भाजलेला आजि. उघडलेला, एका अंगाला अख्खं हाड तसंच.

हे लातूरचे. मासा आयुष्यात आला तो लग्नानंतर, आणि काट्यांची भीती अजून तशीच. घरी यांच्या ताटातला मासा मीच निवडून देते. आज मी छोटूला भरवत होते. ते चॉपस्टिक्स हातात धरून माशाकडे बघत बसले होते. ताई सरकून त्यांच्या शेजारी गेली.

"बाबा, उलटा नको करू. आधी हाड नसलेल्या बाजूचं खा. मग हे हाड शेपटीकडून धर, वर उचल. हळू. बघ, सगळं येतं." हाड आलं, थोडं मांस घेऊन आलं. तिनं ते मांस बोटांनी खरवडून त्यांच्या भातावर ठेवलं. "आता बाजूचे बारीक आहेत. ते जिभेला कळतात. घाई करायची नाही."

मग ती स्वतःच्या माशाकडे वळली. चार-पाच घास झाले, आणि ती थांबली. मी तिच्या गालाकडे बघत होते. जबडा थांबला, डोळे स्थिर झाले. माझा हात पाण्याच्या पेल्याकडे गेला. तिनं जिभेनं काहीतरी पुढे आणलं, दोन बोटांनी ओठांतून एक केसाएवढा काटा काढला, उजेडात धरून पाहिला आणि ताटलीच्या कडेला नीट ठेवला. "एक होता," म्हणाली, आणि पुढचा घास घेतला.

बस, एवढंच. इतर कुणाच्या ते लक्षातही आलं नाही. मी मात्र चार महिने ज्या रात्रीत अडकून होते, त्या रात्रीतून तेव्हा बाहेर आले. काटे निवडून देणं ही माया आहे, हे मी आजीच्या मांडीवर शिकले. ती माया खरी आहे, आणि छोटूला ती अजून दोन-तीन वर्षं लागेल. पण ती घासाबरोबर संपली तर अपुरी आहे. पुढे बोटांना आणि जिभेला मासा वाचता यायला हवा, आणि त्यासाठी काटे असलेला मासा ताटात यायला हवा.

निघताना आजींनी ताईची ताटली उचलली. भोवतीनं काटे मांडलेले, मधे स्वच्छ कणा. त्या म्हणाल्या, "किरेइ." नितळ. आणि तिच्या हातात हाडांच्या सेम्बेइची पुडी दिली.

गाडी सुटल्यावर आईचा फोन आला. ताईनं माझ्या हातून घेतला आणि थेट विचारलं, "आजी, तुमच्या तारलीवर किती ठिपके असतात?" आईनं विचार केला. इतकी वर्षं तारली निवडणाऱ्या बाईला हे कुणी विचारलं नव्हतं. "रांग नसते गं. कल्ल्यापाशी एकच काळा डाग असतो."

"एकच?" ताई जरा वेळ गप्प राहिली. बाहेर भातखाचरांवर पाऊस लागला होता. "पाऊस थांबल्यावर आम्ही येऊ. मी बघेन. आणि मी ती तुला उघडून देईन, सुरी नको काढू."